कॉइल चोख, वात जळकी

ई-सिगारेटची (व्हेपची) कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तारेची गुंडाळी, स्वतः वळून बसवली, तिच्यात कापसाची वात भरली. पहिले चार-पाच झुरके झकास, आणि मग घशाला एकदम जळका चटका. असं झालं की बहुतेक जण कॉइल उपटून नवी वळायला घेतात. दोष मात्र बहुधा तारेत नसतो, कापसात असतो.

तारेचं काम गणिताचं आहे, ते आधी उरकू. २६ गेजची कंथाल (लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची मिश्रधातू) तार, जाडी ०.४ मि.मी., मीटरला साधारण ११.३ ओहम भरते. ३ मि.मी. दांड्यावर एका वेढ्याला जेमतेम १०.७ मि.मी. तार लागते, म्हणजे ०.१२ ओहम. सहा वेढे आणि दोन्ही टोकांची मिळून एक सेंटिमीटर तार धरली की ०.८४ ओहम. अशा दोन कॉइल डेकवर (ॲटोमायझरचा, म्हणजे कॉइल, कापूस आणि लिक्विड असलेल्या वरच्या भागाचा, तळ) समांतर बसवल्या की ०.४२. हीच मापं निक्रोम ८० (निकेल-क्रोमियम) तारेत घेतली तर रोध सुमारे पाव हिश्श्याने उतरतो.

मेकॅनिकल मॉडवर (सर्किट नसलेलं, बॅटरी थेट कॉइलला जोडणारं बॅटरीचं घर) हा आकडा पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते, ०.४२ ओहमला १० अँपियर, ०.२ ला २१. सलग २० अँपियर झेपणाऱ्या १८६५० मापाच्या सेलची मर्यादा तिथेच ओलांडली. रेग्युलेटेड मॉडमध्ये, म्हणजे सर्किट असलेल्यात, हिशेब वॅटचा: एकाच सेलवर ६० वॅट घेताना बॅटरी ३.२ व्होल्टवर आली की जवळपास १९ अँपियर ओढले जातात, सर्किटमधली घट वेगळीच. बॅटरी उतरते तसा तिच्यावरचा भार वाढत जातो. वेष्टन फाटलेली बॅटरी तर वापरूच नका. तिचं आख्खं अंग ऋण टोक असतं.

कॉइल हवेच्या छिद्रासमोर, डेकपासून दीडेक मिलिमीटर वर ठेवा. उरलेली टोकं स्क्रूलगत कापा. बाहेर राहिलेलं टोक कॅपला (झाकणाला) टेकलं की शॉर्ट. मग १०-१५ वॅटवर बटण थोडं थोडं दाबत पाहा. लाली मधून सुरू होऊन दोन्ही बाजूंना सारखी पसरली पाहिजे. टोकंच आधी लाल झाली तर स्क्रू ढिला आहे. एखादाच वेढा तापत असेल तर सिरॅमिक चिमट्याच्या टोकाने कॉइलवरून हलकेच खरवडा, आणि बटण सोडून चिमट्यानेच दाबून घ्या. कंथालवर तापताना ॲल्युमिनाचा थर चढतो, म्हणूनच वेढे एकमेकांना चिकटूनही शॉर्ट होत नाहीत.

आता वात. कापसाच्या पट्टीच्या बाहेरची कडक साल सोलून टाका, एक टोक पीळ देऊन बारीक करा आणि कॉइलमधून ओढा. कापूस सरकताना कॉइल किंचित हलावी, पण वाकू नये. घट्ट भरला तर लिक्विड मधल्या भागापर्यंत पोचत नाही आणि तिथे कापूस करपतो. सैल भरला तर तार कापसाला नीट टेकत नाही: कुठे थेंब साचून उडतात, कुठे कोरडं जळतं. ओढल्यावर कापूस थोडा मागे-पुढे करा. आत तो एका बाजूला गोळा झालेला असतो.

खरी चूक शेपट्यांत, म्हणजे कॉइलबाहेर लोंबणाऱ्या कापसाच्या टोकांत, होते. मधला भाग भरलेला हवाच, पण बाहेरच्या शेपट्या विंचरून विरळ करा, विशेषतः लिक्विडमध्ये व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) ७० टक्के किंवा जास्त असेल तर. ते दाट असतं, दाबलेल्या कापसातून चढत नाही. ड्रिपरमध्ये (लिक्विड थेंब थेंब टाकायचा ॲटोमायझर) शेपट्या खड्ड्याच्या तळाला नुसत्या टेकल्या की पुरे; कोंबू नका, हवेच्या वाटेत येऊ देऊ नका. आरटीएमध्ये, म्हणजे टाकी असलेल्या ॲटोमायझरमध्ये, त्या लिक्विडच्या खाचा जेमतेम झाकतील एवढ्याच ठेवा. कमी पडल्या तर गळती, जास्त झाल्या तर ड्राय हिट (कोरडा, जळका झुरका). दोन्ही तक्रारी आलटून पालटून येत असतील तर एका वेळी एकाच बाजूची शेपटी बदला, नाहीतर काय बिघडलं ते कळत नाही. शेवटी कापूस पूर्ण भिजवा, दोन-तीनदा हलकं बटण दाबा, पुन्हा भिजवा. कोरड्या कापसावर बटण दाबलं तर ती वात गेलीच. कोरड्या झुरक्याचा तो चटका नुसता चवीचा प्रश्नही नाही, फार तापलेल्या ग्लिसरीनमधून ॲक्रोलिन हे घातक रसायन निघतं.

क्लॅप्टन तारेचं आकर्षण समजण्यासारखं आहे. गाभ्याच्या तारेवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या खाचांत लिक्विड धरून राहतं. रोध जवळपास गाभ्याचाच असतो, वस्तुमान मात्र वाढतं. तापायला उशीर, बॅटरीवर ताण. वात नीट जमेपर्यंत साधी गोल तारच बरी.

गोड लिक्विडमधलं सुक्रालोज तारेवर काळं किटण धरतं. तेव्हा कापूस काढून कमी वॅटवर किटण जाळा, कॉइल गार होऊ द्या, मग ॲटोमायझर मॉडवरून उतरवून धुवा आणि पूर्ण वाळवून नवी वात भरा. हे कोरडं जाळणं कंथाल, निक्रोम आणि स्टीलपुरतंच. टायटॅनियम आणि निकेल लाल करायची नसते.