तुम्ही विचारलंत म्हणून: राग सरकारवर, मग मत विरोधकांना का नाही?

लोक सरकारवर इतके चिडलेले असतात, तरी विरोधकांना मतं का देत नाहीत? निवडणुकीचा निकाल लागला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.

उत्तर मी मतदारांच्याच तोंडून ऐकलंय : "हे तरी येऊन काय दिवे लावणार?" राग आयता मिळतो, विश्वास कमवावा लागतो. जनता पक्षाला 1977 मध्ये त्या रागानं सत्तेवर बसवलं. आपसातल्या भांडणांत ते सरकार 1979 मध्ये कोसळलं आणि 1980 मध्ये लोकांनी इंदिरा गांधींनाच परत आणलं.

सरकारकडे दाखवायला बरंवाईट काम तरी असतं. विरोधकांजवळ असतो तो फक्त शब्द. ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचं काय झालं, ते यासाठीच बघण्यासारखं आहे. 2010 च्या निवडणुकीआधी त्यांच्या उमेदवारांनी विद्यापीठांच्या फीवाढीविरुद्ध मत देण्याच्या लेखी हमीवर सह्या केल्या आणि तो कागद हातात धरून फोटो काढून घेतले. मग पक्ष कॉन्झर्वेटिव्ह पक्षाबरोबर सत्तेत बसला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या फीची मर्यादा 9,000 पौंडांपर्यंत नेणारा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी बाजूनं मत दिलं. पाळण्याची खात्री नसताना वचन द्यायलाच नको होतं, असं म्हणत नेते निक क्लेग यांनी 2012 मध्ये माफी मागितली. 2015 मध्ये 57 जागांच्या 8 झाल्या. कारण एवढं एकच नव्हतं, आणि आघाडीत तडजोड करावी लागते हेही मला मान्य आहे. पण सही केलेला कागद हातात धरलेला तो फोटो कसा पुसणार?

नुसता प्रामाणिकपणाही पुरत नाही. ऑस्ट्रेलियात 1993 मध्ये विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन भलामोठा, तपशीलवार आर्थिक आराखडा घेऊन लोकांसमोर गेले. टीव्हीवर त्यांना विचारलं गेलं, तुमच्या नव्या करानंतर वाढदिवसाचा केक महागणार की स्वस्त होणार? केक सजवलेला आहे का, त्यावर मेणबत्त्या आहेत का, अशा फाट्यांमध्ये ते अडकले. मला त्यांच्याबद्दल वाईटच वाटतं, कारण इतकी तयारी फार थोडे विरोधक करतात. पण घरखर्च चालवणाऱ्या माणसाला हवं ते एका वाक्यातलं उत्तर मिळालं नाही, आणि हातातली वाटणारी निवडणूक गेली.

विश्वास कमावतात कसा, असंही तुम्ही विचाराल. ब्रिटनचाच मजूर पक्ष 1992 मध्ये हरला. हे आले की कर वाढवतील, ही भीती त्याला नडली. 1997 मध्ये त्यानं आयकराचे दर वाढवणार नाही असं सांगितलं आणि खिशात मावेल एवढ्या कार्डावर पाचच वचनं छापली. त्यातलं एक : पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात 30 पेक्षा जास्त मुलं नसतील. कुणालाही वर्गात जाऊन डोकी मोजता येतील, असं. कार्डावर शेवटी लिहिलं होतं, हे जपून ठेवा आणि आम्ही वचनं पाळतो का ते बघा.