हो, स्क्रूटन अजूनही वाचते

"तू पुरोगामी घरातली, आणि रॉजर स्क्रूटन वाचतेस?" हे ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून एकदाच लिहून टाकते. स्क्रूटन म्हणजे इंग्लंडमधला परंपरावादी (कॉन्झर्व्हेटिव्ह) तत्त्वज्ञ. आणि कृपा करून त्याला आपल्याकडच्या कुठल्या पक्षाला चिकटवू नका, त्याची परंपरा म्हणजे इंग्लंडातली खेड्यातली चर्चं, कॉमन लॉ (कोर्टाच्या निकालांतून घडत आलेला कायदा) आणि कोल्ह्याची शिकार (ही मला अजिबात झेपत नाही).

मी अडकले ते इमारतींवरून. 2009 च्या बीबीसीच्या फिल्ममध्ये तो इंग्लंडातल्या रेडिंग शहरातल्या ओसाड ऑफिसांपुढे उभा राहतो, नुसता उपयोग बघून बांधलेल्या, आणि आता कुणालाच नको असल्यामुळे निरुपयोगी झालेल्या. सौंदर्य ही चैन नाही, जग आपलं घर वाटायला ते लागतं, असं त्याचं म्हणणं. कॉलेजातली मी लगेच म्हणाले असते, हे जमीनदारांचे उसासे. अगं बाई, त्याचा बाप शाळामास्तर, तोही पक्का लेबरवाला, म्हणजे तिथल्या डाव्या मजूर पक्षाचा!

पण मग ते सिगारेटचं येतं. जानेवारी 2002 मध्ये गार्डियनने त्याचा फुटलेला ईमेल छापला. जपान टोबॅको ही सिगारेट कंपनी त्याला महिन्याला 4,500 पौंड देत होती, त्याला 5,500 हवे होते, बदल्यात तो मोठ्या पेपरांत तंबाखूच्या बाजूने लेख आणायला बघणार होता. त्याआधी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविरोधी मोहिमेवर टीका करणारी पुस्तिका त्याने लिहिली होती, त्यात या पैशांचा उल्लेख नाही. त्याचं उत्तर काय, तर ईमेल चोरीचा आहे आणि मी संबंध कधी लपवला नव्हता. फायनान्शियल टाइम्सने त्याचा कॉलम बंद केला. बाजार सगळ्यालाच किंमत लावतो म्हणून ओरडणारा हाच माणूस ना? माझ्या घरात तंबाखूने एक माणूस गेलंय, शेवटी त्याला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, त्यामुळे "विचार वेगळा, माणूस वेगळा" हे मला ऐकवू नका. ते मी स्वतःला भरपूर ऐकवलंय, एरवी पटतं, तो 4,500 चा आकडा दिसला की नाही पटत.

आणि तरीही. 1979 पासून हाच माणूस कम्युनिस्ट राजवटीतल्या प्रागमध्ये लोकांच्या फ्लॅटमध्ये चोरून तत्त्वज्ञान शिकवायला जायचा, 1985 मध्ये तिथल्या सरकारने त्याला हाकलला, 1998 मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष हावेलने पदक दिलं. त्याचं काय करायचं? "तू त्या परंपरावाद्यांच्यातली झालीस का" याचं उत्तर माझ्याकडे नाहीये, परत विचारलंत तरी नसेल. ती तंबाखूची पुस्तिका मात्र मी उघडणार नाही.