एमजीबी तापतेय? रेडिएटर खोलण्याआधी हे बघा

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारबद्दल ‘ही गाडी तापणारच’ असं सर्रास बोललं जातं. तसं काही नाही. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजमधलं, म्हणजे जुन्या पेट्रोल ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. ते धड असेल तर आपल्या उन्हाळ्यातही त्याने उकळायचं कारण नाही. उकळत असेल, तर काहीतरी बिघडलंय आणि ते शोधता येतं. तरीही बहुतेक ठिकाणी पहिला बळी रेडिएटरचा जातो आणि दुसरा थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणाऱ्या झडपेचा.

गाडी नेमकी कधी तापते, इथून सुरुवात करा. सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर दोष हवेच्या बाजूचा. हायवेला ८०-९० च्या वेगात काटा हळूहळू चढत जातो, तर पाणी नीट फिरत नाही किंवा इंजिनच जास्त उष्णता तयार करतंय. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गास्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय.

आता काटा तरी खरं बोलतोय का? जुन्या मॉडेलमध्ये बारीक तांब्याच्या नळीचा गेज असतो. त्याचा बल्ब हेडमधून काढून उकळत्या पाण्यात धरा. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, १०० ला नाही, तेवढा हिशेब धरा. बल्ब काढताना नटाबरोबर नळी पिळली गेली तर ती तुटते, आतला ईथर उडून जातो आणि गेज कायमचा गेला. बल्ब गंजून बसला असेल तर ओढाताण न करता इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. फक्त चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर नेम धरू नका, रीडिंग बरंच कमी येतं. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

आणखी एक फसवी तक्रार म्हणजे ‘गाडी पाणी फेकते’. वेगळी एक्सपान्शन टाकी नसलेल्या मॉडेलमध्ये रेडिएटर गळ्यापर्यंत भरला की गरम झाल्यावर फुगलेलं पाणी बाहेर पडणारच. पातळी गळ्याच्या तळापासून इंचभर खाली ठेवा. रोज तेवढंच भरून रोज तेवढंच सांडत असेल, तर तो आजार नाही. कॅप मात्र तपासून घ्या. १० पीएसआयची कॅप दाब धरत असेल तर साधं पाणी ११५ अंशांच्या आसपास उकळतं. तिचं रबर कडक झालं असेल तर हे संरक्षण संपलं.

हवेच्या बाजूला बघायचं थोडंच आहे. पंख्याचा पट्टा दोन पुलींमधल्या सर्वात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच खाली जायला हवा. पंखा उलटा बसवलेला नाही ना ते बघा, आणि इलेक्ट्रिक पंखा असेल तर वायर उलट जोडून तो उलटा फिरत नाही ना, हे गाडीच्या पुढून कागद धरून बघा: कागद रेडिएटरकडे ओढला गेला पाहिजे. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवा, नाहीतर हवा सोपी वाट धरते. जाळीसमोर लावलेले मोठे फॉगलॅम्प काढून एकदा गाडी चालवून बघा.

हायवेवरच्या तापण्यात रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) विसरला जातो. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर आयडलला होज ठणठणीत दिसतो आणि ३००० आरपीएमला चपटा होतो. बोनेट उघडं ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला सांगा, दिसतं.

इग्निशन टायमिंगचा संबंध तर कित्येकांच्या डोक्यातच येत नाही. टायमिंग मागे राहिलं की मिश्रण उशिरा जळतं आणि उष्णता काम करायच्या ऐवजी एक्झॉस्ट पोर्टमधून हेडमध्ये शिरते. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीतून तोंडाने हवा ओढा. आतली प्लेट हलली नाही किंवा हवा अडवून धरता आली नाही, तर पडदा फाटलाय. नळी काढून टायमिंग लाइटने ३५०० आरपीएमच्या आसपास एकूण ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश ठिणगी पडते ते मोजा. ३२ अंशांच्या जवळ असावा. इनटेक मॅनिफोल्डच्या गळतीने मिश्रण पातळ झालं असेल तर तेही इंजिन तापवतं.

हे सगळं ठीक निघालं तर गाळ. ब्लॉकचा मागचा भाग, चौथ्या सिलिंडरभोवती, पन्नास वर्षांचा गंज आणि बोअरच्या पाण्याचा क्षार साठवून बसलेला असतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडल्यावर पाणीच आलं नाही, तर समजा सापडलं. जाड तारेने आत टोचा. तपकिरी चिखल येईल, तो संपेपर्यंत उलट दिशेने पाणी सोडा. तेवढ्याने भागलं नाही तर मागचा कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकातलं धातूचं बूच) काढून खरवडावं लागतं. रसायन ओतून घट्ट गाळ निघत नाही. भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि तिसरा हिस्सा कूलंट पुरेसं. बर्फ पडत नाही तिथे निम्मं कूलंट घालून काही मिळत नाही, उलट उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी होते. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच भरा, नाहीतर हवा अडकते.

थर्मोस्टॅट काढून गाडी चालवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. ऐकू नका. इंजिन थंड चालतं, तेलात चिखल होतो, सिलिंडर झिजतात आणि मूळ दोष लपतो. दोऱ्याला बांधून पातेल्यात गरम करा, ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागला की तो ठीक आहे. गरम भागात ७४ चा मिळतो, तो घालायला हरकत नाही. पण ७४ चा घातल्याने तापणारी गाडी बरी होत नाही, काटा फक्त थोडा उशिरा चढतो.

राहिलं हेड गास्केट. मधला एक्झॉस्ट पोर्ट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा सामाईक असल्याने तिथे उष्णता सर्वात जास्त असते, आणि हेडला तडाही बहुधा तिथेच जातो. थंड इंजिनवर कॅप काढून सुरू करा; सतत बुडबुडे आले तर ब्लॉक टेस्टरने खात्री करा, निळं द्रव पिवळं पडलं की गॅस पाण्यात येतोय. नवीन गास्केट बसवल्यावर हेडचे नट ४५ ते ५० फूट-पाउंडला आवळा, मधून बाहेर या क्रमाने. काही दिवस चालवल्यावर इंजिन थंड असताना प्रत्येक नट एकेक करून पाव आटा सैल करून पुन्हा त्याच फूट-पाउंडला आवळा, आणि मग व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) तपासा, बहुतेक मॉडेलना ०.०१५ इंच. नट आवळले की ते कमी होतं, आणि कमी क्लिअरन्सवर चालवलं तर पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.