रीमिक्सची नोंद, सहावा महिना: गाणारा आवाज काढून टाकला

मागच्या नोंदीत ट्रॅक होत आला असं लिहिलं होतं. आज त्यात गाणारा आवाजच नाही. काय झालं ते नीट सांगते, म्हणजे दुसऱ्याच्या आवाजावर काम करणाऱ्यांचे दोन महिने वाचतील.

तो आवाज क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरलेल्या अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याचा, म्हणून उतरवून घेतला होता. पण परवान्याची अक्षरं वाचली ती मिक्स संपवताना: बीवाय-एनसी-एनडी. श्रेय द्या, पैशासाठी वापरू नका, इथपर्यंत ठीक. एनडी म्हणजे बदललेलं रूप लोकांपुढे आणायचं नाही. मी तर त्या आवाजाचे तुकडे करून, पिच (सुराची उंची) उतरवून, काही ओळी उलट्या वाजवल्या होत्या. स्वतःपुरतं असं काही करायला परवान्याची ४.० आवृत्ती अडवत नाही, बाहेर टाकायला मात्र अडवते.

गायिकेला पत्र लिहिलं. बाराव्या दिवशी उत्तर आलं: माझ्या आवाजाचं खुशाल काहीही कर, पण चाल आणि शब्द माझे नाहीत. इथे मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं की एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा. ती तिच्यापुरतंच देऊ शकत होती. मग संगीतकाराला विचारलं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, चालीचे तुकडे व्हावेत असं त्यांना वाटत नाही. वाईट वाटलं, पण चाल त्यांची आहे. त्याच संध्याकाळी तो पूर्ण चॅनल काढून टाकला.

दुसऱ्याच्या मुद्रणातला तुकडा उचलायचा (सॅम्पल करायचा) तर 'दोन सेकंदांपर्यंत चालतं' असं आपल्यात सर्रास म्हणतात, तसा कुठलाही नियम नाही. अमेरिकेतच दोन अपील न्यायालयं उलटसुलट बोलली आहेत. ब्रिजपोर्ट खटल्यात २००५ साली गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरून न्यायालय म्हणालं, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. २०१६ साली मडोनाच्या 'व्होग'मधल्या ब्रासच्या ०.२३ सेकंदांच्या ठोक्याबद्दल दुसऱ्या न्यायालयाने म्हटलं की एवढ्याशाने हक्कभंग होत नाही. युरोपात क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या दोन सेकंदांवरून वाद वर्षानुवर्षं चालला. २०१९ साली तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने सांगितलं, की कानाला ओळखू येणार नाही इतका बदल असेल तर ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याची परवानगी लागत नाही. म्हणजे तुमचा तुकडा कुठे ऐकला जाणार, यावर सगळं अवलंबून.

ड्रम्सही नव्याने वाजवले. आधी सरावासाठी 'आमेन ब्रेक' हा ड्रम्सचा प्रसिद्ध तुकडा कापून लावला होता. द विन्स्टन्सच्या १९६९च्या रेकॉर्डमधले ते चार बार (ठेक्याची आवर्तनं), जेमतेम सात सेकंदांचे. त्यांवर जंगल आणि ड्रम अँड बेस हे नृत्यसंगीताचे प्रकार उभे राहिले. संथ करून ऐका: पहिले दोन बार सारखे, तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा एक ठोका मागे सरकतो, चौथ्यात पहिली मात्रा रिकामी आणि मग क्रॅश झांज अपेक्षेआधीच पडते. ग्रेगरी कोलमन नावाच्या माणसाच्या मनगटातून हे निघालं. हजारो ट्रॅकमध्ये तो ब्रेक वाजला, आणि कोलमन स्वतः २००६ साली बेघर अवस्थेत गेला. हे कळल्यावर तो लूप फुकटचा माल म्हणून वापरणं मला जमेना. त्याच्याकडून एवढंच शिकले की ठोका कुठे टाळायचा. पॅटर्न माझा रचला, दुसऱ्या बारमध्ये किक (पायाच्या ड्रमचा ठोका) गाळली, आणि चाळिसाव्या टेकला हवा तो डोल आला.

आवाजाच्या जागी आता क्लॅरिनेट आहे, १९२३ पूर्वीच्या तबकडीवरचं. अमेरिकेत त्या काळापर्यंतची प्रकाशित ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ला मुक्त झाली. चाल रचणाराही १९३०च्या दशकात वारलेला. मुदती देशागणिक बदलतात, म्हणून रचना आणि मुद्रण दोन्ही स्वतंत्रपणे तपासून घेतली.

तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन वापरत नसत, वाजवणारा कर्ण्यासमोर बसायचा. त्यामुळे साधारण २५० ते २५०० हर्ट्झच्या पलीकडे फारसं काही नाहीच. माझा बेस आणि हॅट्स (छोट्या झांजा) त्याला अजिबात आडवे येत नाहीत, ईक्यू (आवाजाचे उंच-खालचे पट्टे कमीजास्त करणं) जवळजवळ लावावाच लागला नाही. तबकड्यांचा वेगही तेव्हा काटेकोर नसे. माझी तीस सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर त्यातले तीस) वर निघाली, ती कानाने खाली आणली. खरखर मी साफ केलेली नाही. दोन सुरांच्या मध्ये वादक श्वास घेतो, तो त्या खरखरीतूनच ऐकू येतो, आणि साफ केलं की तोही जातो.

आता प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच एक साधी मजकूर फाइल आहे. प्रत्येक तुकड्यापुढे कुठून आला, कोणी वाजवला, रचना कोणाची, परवाना कोणता आणि कुठल्या तारखेला वाचला. तारीख महत्त्वाची, कारण लोक नंतर परवाना बदलतात.

सध्या लांबी ३ मिनिटं ४० सेकंद, वेग १६४ बीपीएम (मिनिटाला ठोके). सतराव्या बारमध्ये टाइम-स्ट्रेचमुळे (सूर न बदलता लांबी ताणल्यामुळे) क्लॅरिनेटचा तो श्वास फाटतोय. पुढच्या आठवड्यात तेवढाच तुकडा न ताणता बसवून बघणार आहे.