साखळी ते चोर्ला: उतारावर अडकलेला ड्रॉपर आणि रस्त्यावर करायचे उपाय

पावसाळा सरला की साखळी-पर्ये-मोर्ले-केरी-चोर्ला हा गोव्यातला सायकलसाठी सगळ्यात सुंदर रस्ता, असं माझं ठाम मत आहे. केरी सोडली की चढ लागतो आणि अंजुणे धरणाचं पाणी वळणावळणाला खाली दिसत राहतं. माथा सुमारे ८०० मीटर उंचीवर. पणजी-बेळगाव वाहतूक याच रस्त्याने चालते, म्हणून पहाटेच निघा. घाटातलं बरंच रान १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात येतं; वनखात्याच्या परवानगीशिवाय डांबर सोडून आत शिरू नका. कच्च्या वाटेची हौस आम्ही परतताना मोर्ल्याच्या बाजूला, काजूच्या बागांमधल्या वहिवाटीच्या जांभ्या वाटेवर भागवली.

तिथेच सोबतच्या मित्राचा ड्रॉपर, म्हणजे हँडलवरची लिव्हर दाबून सीट वरखाली करता येणारा पोस्ट (सीटखालचा दांडा), अडकला. उतारासाठी सीट खाली घेतली, ती खालीच राहिली. लिव्हर जड जात होती, पूर्ण दाबली जात नव्हती आणि सोडली की रेंगाळत मागे येत होती. ही खूण लक्षात ठेवा. लिव्हर झटकन मागे येत नसेल तर पहिला संशय केबलवर घ्यायचा, पोस्टवर नाही. पोस्ट खोलायची घाई तर मुळीच नको.

एका घरच्या काकींनी पडवीत गोणपाट अंथरून दिलं आणि तिथेच काम सुरू केलं. आधी फ्रेमचा सीट-क्लॅम्प (पोस्ट आवळून धरणारी कडी) सैल केला. मग एकाने फ्रेमच्या पुढच्या भोकातून आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) आत सारत राहायचं आणि दुसऱ्याने पोस्ट सावकाश वर काढायचा. नुसता हिसका दिला तर आउटरचं टोक तळाशी निसटतं आणि काम दुप्पट होतं. पोस्टच्या बुडाला छोटा खटका असतो, त्यातून केबल सोडवली आणि तो खटका अ‍ॅलन कीने दाबला. सीट खाडकन वर आली. (हे करताना तोंड बाजूला ठेवा, दणका जोरात बसतो.) म्हणजे पोस्ट ठणठणीत होता.

इनर (केबलची आतली तार) ओढून काढल्यावर कारण डोळ्यांना दिसलं. लिव्हरकडची बाजू चकचकीत, पण पुढे वीतभर तार तांबूस आणि बोटाला खरखरीत लागणारी. तो भाग बरोबर पेडलच्या क्रँकजवळचा. आउटर तिथे खाली उतरून पुन्हा सीट ट्यूबमध्ये वर चढते आणि पावसाचं पाणी त्या खोलगट वळणात साचून राहतं. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत गंज चढायला आणखी काही लागत नाही. आउटरमध्ये तेलाचे थेंब सोडले, नवी इनर घातली, लिव्हरला किंचित ढिलाई ठेवली आणि सीट पुन्हा पहिल्यासारखी वरखाली होऊ लागली. बहुतेक केबलवाल्या ड्रॉपरला गिअरची १.२ मिलिमीटरची इनर चालते. ब्रेकची तार जाड असते, ती आत जाणार नाही. म्हणून एक गिअरची इनर बॅगेत ठेवाच. गोव्यात राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर इनर आणि आउटर दोन्ही बदलावीत.

खटका हाताने दाबूनही सीट वर आली नाही, तर सीट-क्लॅम्प बघा. तो जास्त आवळला की पोस्टची बाहेरची नळी दबते आणि आतली अडकते. पाव फेरा सैल करून बघा. फ्रेमवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा, म्हणजे बहुधा ५-६ न्यूटन मीटरपेक्षा, जास्त आवळू नका. काही पोस्टमध्ये हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो, त्याला शॉक पंपच (जास्त दाबाचा छोटा पंप) लागतो. पोस्टच्या आत सीलबंद कार्ट्रिज (बंद नळकांडं) असेल तर रस्त्यावर हात लावू नका, आत दाब असतो.

बसल्यावर सीट आपोआप खचत असेल तर बहुतेकदा केबल ताणलेली असते. अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलायचा स्क्रू) थोडा आत फिरवा. अर्धवट वर येत असेल तर बाहेर. बसल्यावर नुसती स्प्रिंगसारखी दबत असेल, तर आत तेलात हवा गेली आहे आणि ते काम वर्कशॉपचं. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका; बऱ्याच पोस्टमध्ये हवा त्यानेच आत शिरते.

लाल माती फार बारीक असते, ती पोस्टच्या सीलच्या (आतली नळी जिथून बाहेर येते तिथली रबरी कडी) कडेला चिकटते. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. प्रेशर पंपाचा फवारा तिथे कधीच मारू नका.

काहीच जमलं नाही आणि सीट खालीच राहिली, तरी गुडघे दुखवत साखळी गाठायची गरज नाही. क्लॅम्प सैल करून अख्खा पोस्ट वर ओढा, आउटर सोबत आत सारा आणि पोस्टवरची किमान खोलीची खूण (पोस्ट निदान तिथपर्यंत आत हवा) फ्रेमच्या आतच राहील एवढं बघून पुन्हा आवळा.