म्हाताऱ्या घोडीचं शिंगरू : ईटी की इक्सी?

आमची मारवाडी घोडी १७ वर्षांची. अकलूजच्या घोडेबाजारात तिची शिंगरं लोक विचारून घ्यायचे, पण अलीकडं ती घोडा घ्यायची आणि गाभ ठरायचा नाही. सोनोग्राफीत दिसलं, बीज वेळेवर सुटतंय, गर्भपिशवीत मात्र पाणी साठतंय. म्हणजे गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवणं आलं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक ईटी, म्हणजे भ्रूण प्रत्यारोपण : घोडी भरवायची, तिच्या पिशवीतला भ्रूण धुऊन काढायचा आणि दुसऱ्या घोडीत सोडायचा. दुसरी इक्सी. इक्सीत अंडाशयातून सुईनं बीज ओढतात, प्रयोगशाळेत प्रत्येक बीजात एकच शुक्राणू टोचतात. पिशवी पार बिघडलेली असेल किंवा मेलेल्या घोड्याच्या मोजक्याच वीर्यकांड्या उरल्या असतील, तर हीच वाट. माणसातली साधी आयव्हीएफ (बशीत बीज आणि शुक्राणू नुसते एकत्र ठेवणं) घोड्यात कित्येक वर्षं जमत नव्हती, कारण बशीत घोड्याचा शुक्राणू बीजात शिरायचाच नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं ते २०२२ मध्ये जमवून दाखवलं.

इक्सीची प्रयोगशाळा मला जवळपास सापडली नाही, म्हणून ईटी. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात २०२३ मध्ये मारवाडी शिंगरू असंच झालंय. (रेसच्या थरोब्रेडवाल्यांनी यात पडू नये. नैसर्गिक भरणीशिवाय त्यांच्या शिंगराची नोंदच होत नाही.)

खरी कसरत रेसिपियंटची, म्हणजे गर्भ पोटात वाढवणाऱ्या घोडीची. ती अंगानं डोनरएवढी (जिचा भ्रूण घ्यायचा त्या घोडीएवढी) हवी आणि तिचं बीज डोनरच्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवस मागं सुटायला हवं. मोहोळकडच्या दोन गावठी घोड्या आणल्या, इंजेक्शनं देऊन माज जुळवला. एक ऐनवेळी मागं पडली, म्हणून दोन आणल्या ते बरं. इकडं डोनरला भरवल्यावर पिशवीत पाणी साठू नये म्हणून ती धुऊन ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देत होतो. भ्रूण पहिले पाच-सहा दिवस बीजनळीतच असतो, त्यामुळं सातव्या-आठव्या दिवशीच पिशवी धुऊन तो गाळणीत धरायचा.

गाईवाले विचारतात, एका वेळी किती भ्रूण? गाईला हार्मोन देऊन पाच-सहा मिळतात. घोडी त्या इंजेक्शनांना फारशी दाद देत नाही. बहुधा एकच, आणि म्हाताऱ्या घोडीत तोही हमखास नाही. आमची एक धुलाई कोरडी गेली. पुढच्या माजाला मिळाला, लगेच रेसिपियंटमध्ये सोडला. आठवड्यानं सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसली, नंतर ठोकेही.

शिंगराची आई डीएनएवर सिद्ध करावी लागेल, म्हणून डोनरच्या आयाळीचे केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवलेत. जिच्याशी भरवली त्या घोड्याचेही मागून घेतलेत.