साताऱ्याहून पुण्याला, सशाच्या दाढांसाठी

साताऱ्यात गाईम्हशींचे डॉक्टर आहेत, कुत्र्या-मांजरांचेही आहेत. सशाला भूल देऊन त्याच्या दाढा घासून देणारं कोणी हवं असेल, तर बहुतेकांना पुण्याची वाट धरावी लागते. अंतर साधारण ११० किलोमीटर, गाडीने दोन ते अडीच तास. हा वृत्तांत त्या वाटेचा आहे. सोबत दोन किलो वजनाचा ससा, आणि दुखणं नेहमीचंच: दाढांना आलेली टोकं.

सशाचे २८ दात आयुष्यभर वाढतात. पटाशीचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ती वाढ झिजवायचं काम सुक्या गवताचं, कारण ते चावताना दाढा आडव्या घासल्या जातात. पोळी, बिस्किटं, गाजर आणि दुकानातल्या खाद्याच्या गोळ्या यांवर वाढलेल्या सशाच्या दाढा घासल्याच जात नाहीत. मग खालच्या दाढांची टोकं जिभेत रुततात आणि वरच्यांची गालात. ससा खाण्यापाशी येतो, काडी उचलतो आणि टाकून देतो. कोथिंबिरीची पानं खातो, देठ ठेवतो. हनुवटी ओली राहते, लेंड्या बारीक होतात. गवत सोडलं पण मऊ खातोय, एवढ्यावरच दाढांची शंका घ्यावी. ‘नखरे करतोय’ म्हणून वाट पाहण्यात दोन आठवडे सहज जातात आणि तेवढ्यात जिभेला जखम झालेली असते.

निघण्याआधी एक गोष्ट ठरवायची: हे प्रकरण उद्यावर टाकण्याजोगं आहे का? दहा-बारा तास काही खाल्लं नसेल आणि लेंड्याही पडल्या नसतील, तर पुण्याची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नये. जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन वेदनाशामक आणि कातडीखाली सलाईन घ्यावं, सशाला ऊब द्यावी आणि मग निघावं. सशाचं तापमान एरवी ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ते ३८ च्या खाली उतरलं, कान गार लागले, तर ती तापापेक्षा वाईट खूण आहे. दाढा घासता येत नसल्या तरी ही पहिली मदत साताऱ्यातले डॉक्टर करू शकतात. फक्त पुण्यातल्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्यावं. १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा फोन क्रमांक मुख्यतः पशुपालकांच्या जनावरांसाठी आहे, सशाच्या तातडीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

खरा शोध फोनवरच होतो. ‘ससे बघता का?’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘हो’ असंच उत्तर मिळतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारावं, ‘भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवू?’ कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जायची भीती असते. सशाला उलटी होतच नाही. त्याला उपाशी ठेवलं तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि शस्त्रक्रिया चांगली होऊनही ससा हातचा जातो. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं सांगितलं तर आभार मानून फोन ठेवावा. ‘शेवटपर्यंत गवत राहू द्या, त्याच्या आवडीचं खाणं सोबत आणा’ असं सांगणारा दवाखाना आपल्या कामाचा.

दुसरा प्रश्न हत्याराचा. दाढा फिरत्या बारीक कानशीने घासतात की कटरने तोडतात? कटरने दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि पुढे जबड्यात पू होतो. जबड्यातल्या पूचा इलाज मूळ दुखण्याच्या कितीतरी पट अवघड असतो, कारण सशाचा पू दह्यासारखा घट्ट असतो आणि नुसता चिरा देऊन वाहून जात नाही. पटाशीचे दात नखं कापायच्या कटरने ‘दोन मिनिटांत’ कापून देणारे ठिकठिकाणी आहेत. तेही याच कारणासाठी टाळावेत.

तिसरा प्रश्न नंतरच्या औषधांचा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन हे प्रतिजैविक दिलं, तर सशाच्या मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू फोफावतात आणि दोन-तीन दिवसांत विषारी जुलाबाने ससा दगावू शकतो. पेनिसिलिन इंजेक्शनाने दिलेलं चालतं, म्हणून नुसतं नाव नव्हे, तर औषध कुठल्या वाटेने देणार तेही विचारावं. सशांना नेहमी एनरोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम देतात. पिसवांसाठी मानेवर टाकायच्या थेंबांत फिप्रोनिल असेल तर ते सशाला कधीच लावू नये, मग कुत्र्याचं तेच औषध घरात कितीही वर्षं बिनधोक वापरलेलं असो.

हे प्रश्न विचारल्यावर चिडणारे डॉक्टरही भेटतात. चांगल्यांना मात्र बरं वाटतं, कारण अर्धी समजूत घालायचं काम वाचलेलं असतं.

वाटेत शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतलं. साताऱ्याहून हे निम्म्याच्या थोडं पुढे पडतं. शिक्षणसंस्था असल्यामुळे शल्यचिकित्सा, क्ष-किरण आणि प्रयोगशाळा अशी वेगवेगळी माणसं एका आवारात असतात. तिथेही आधी फोन करून सशांचं काम बघणारे प्राध्यापक त्या दिवशी आहेत का ते विचारावं, सुट्ट्यांची खात्री करावी आणि सकाळी पोहोचावं. पुण्याला जाताना सशाची तब्येत वाटेत बिघडली तर वळायला हे ठिकाण मनात ठेवलेलं बरं.

प्रवासाची तयारी थोडी असली तरी चुकवू नये. ससा न्यायची पेटी, म्हणजे कॅरिअर, कडक प्लॅस्टिकचं, वरूनही उघडणारं घ्यावं. दारातून ओढून काढताना ससा मागचे पाय झाडतो, आणि त्या झटक्याने त्याचा कणा मोडू शकतो. वरून उघडलं की एक हात छातीखाली आणि एक मागच्या अंगाखाली घालून उचलता येतं. तळाला रबरी मॅट, तिच्यावर जुना टॉवेल. पेपर घातला तर पाय घसरतात आणि ससा वाटभर अंग आवळून बसतो. अर्धं कॅरिअर गवताने भरावं. पाण्याची वाटी सांडते आणि अंग ओलं होतं, त्यामुळे वाटेत धुतलेली ओली कोथिंबीर द्यावी आणि थांबलं की पाणी दाखवावं. कॅरिअर पुढच्या सीटमागे, खाली पायांच्या जागेत घट्ट बसतं. एसीचा झोत थेट अंगावर नको.

उन्हाची तर खरी भीती. सशाला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तीस अंशांच्या वर त्याला उष्माघात होऊ शकतो. मार्च ते मे या काळात साताऱ्याहून पहाटे पाच-साडेपाचला निघावं. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कॅरिअरच्या एका टोकाला ठेवावी, म्हणजे हवं तर ससा टेकतो, नको तर लांब सरकतो. चहासाठी थांबायचं झालं तर एकाने गाडीत, एसी चालू ठेवून बसावं. बंद गाडीत दहा मिनिटंही धोक्याची.

रस्त्याचं सांगायचं तर आनेवाडीचा टोलनाका, मग खंबाटकीचा बोगदा. त्यानंतरच्या उतारावर वेग आवरावा, कारण वळणावर कॅरिअर सरकलं की घाबरलेला ससा नंतर तासभर गवताला तोंड लावत नाही. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा. खेड-शिवापूरच्या नाक्यावर रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या तुंबतात, म्हणून रविवारी निघूच नये. कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे कमी गिअरमध्ये, डावीकडून. शिरवळच्या आसपास एकदा थांबून ससा खातोय का बघावं. काहीच खात नसेल तर दवाखान्याला तसं फोनवर कळवावं.

दवाखान्यात सकाळची पहिली वेळ मागावी. पहिल्या वेळेला कुत्र्यांची गर्दी नसते, आणि भूल उतरून ससा खायला लागेपर्यंत दिवस हाताशी राहतो. थांबावं लागलं तर नंबर लावून गाडीतच बसावं. सोबत नेण्याचं सामान: आदल्या दिवशीच्या लेंड्या पिशवीत, खाताना घास टाकतो त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, आधीच्या औषधांचे फोटो, आणि रोज काय खातो त्याची खरी यादी. बिस्किटं देत असाल तर तीही लिहा.

आत गेल्यावर डॉक्टर कसे आहेत ते पाच मिनिटांत कळतं. टेबलावर टॉवेल पसरतात, वजन ग्रॅममध्ये घेतात, पोटावर स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, कान बघायच्या नळीने दाढा तपासतात. शुद्धीत असलेल्या सशाच्या मागच्या दाढा नीट दिसत नाहीत, म्हणून कवटीचा एक्स-रे सुचवला तर तो बिल वाढवायचा प्रकार समजू नये. वरच्या दाढांची मुळं डोळ्याकडे आणि खालच्यांची जबड्याच्या हाडात घुसली आहेत का, हे त्यातच दिसतं. खर्चाचा अंदाज एक्स-रे, भूल, दाढा, औषधं आणि मुक्काम असा सुटा करून मागावा.

दाढा घासायला वेळ थोडाच लागतो. जोखीम असते भुलेची आणि नंतरच्या काही तासांची. भुलेत अंग गार पडतं, म्हणून शुद्धीवर येताना गरम गादी आहे का ते विचारावं. वेदनाशामक न मागता मिळायला हवं. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सशाला किलोमागे कुत्र्यापेक्षा जास्त लागतं. कुत्र्याच्या हिशेबाने दिलं तर दुखणं राहतं आणि दुखतंय म्हणून ससा खात नाही. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, घरातलं औषध परस्पर देऊ नये. अंगात पाणी कमी असताना तेच मूत्रपिंडावर येतं.

ससा स्वतः खाईपर्यंत पुणे सोडू नये. संध्याकाळी परतायची घाई असेल तर दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकलेली बरी. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस सिरिंजने भरवावं लागू शकतं: सशांसाठीची पावडर कोमट पाण्यात कालवून, किंवा ती नसेल तर त्याच्याच खाद्याच्या गोळ्या भिजवून गाळून. किलोमागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर, म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० मिलिलिटर, चार-पाच वेळांत वाटून. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, पटाशीच्या दातांमागच्या मोकळ्या फटीतून बाजूने सिरिंज घालायची, अर्धा-एक मिलिलिटर द्यायचं आणि गिळेपर्यंत थांबायचं. डोकं वर करायचं नाही, उताणं धरायचं नाही, नाहीतर घास फुप्फुसात जातो. पोट ढोलासारखं ताठ असेल किंवा अंग गार असेल तर भरवणं बंद आणि आधी डॉक्टरांना फोन. आत अडथळा असेल तर भरवल्याने आतडं फुटू शकतं.

टोकं पुन्हा येतात, अनेकदा चार ते आठ आठवड्यांत. गवत पोटभर मिळालं तर हे अंतर वाढतं. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं. सुकवलेलं मारवेल, ओटचं गवत आणि ताजी हरळी यांवर भागतं. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने लघवीत गाळ साचतो. कोवळ्या ज्वारीचा पाला मुळीच नको, त्यात विष असतं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून वजन घ्यावं. दोन किलोच्या सशाचं १०० ग्रॅम उतरलं की पुढची अपॉइंटमेंट मागायची.